दर्भाचा देह

सुभेदार पदम रावल तिसऱ्यांदा तो डोंगर चढत होता आणि तिन्ही वेळा खिशात एकच कागद होता. त्यावर जानुका बस्नेत या बाईची सही हवी होती. तिचा नवरा, अमलदार खगेंद्र बस्नेत, गेल्या वर्षी श्रावणात भेरी नदीच्या पुरात वाहून गेला, तो हयात नाही हे मला मान्य आहे, एवढाच मजकूर. सही झाली की पेन्शन मार्गी लागणार होती आणि शिवरात्रीला, फौजेच्या दिवशी, पलटणीच्या आवारातल्या दगडावर खगेंद्रचं नाव कोरलं जाणार होतं. निघताना साहेब म्हणाले होते, तू त्याच्याबरोबर होतास रावल, तुझं ती ऐकेल. साहेबांना काय ठाऊक.

आमच्या नेपाळच्या डोंगरात फौज म्हणजे बंदूक कमी आणि फावडं जास्त. दरड कोसळली, बोलवा फौज. पूल गेला, मतपेट्या न्यायच्यात, जंगलात कुणी गेंड्याच्या मागावर आहे, बोलवा फौज. लढाईत मेलेल्याची निदान गोष्ट तरी सांगतात. पुरात मेलेल्याचा नुसता कागद होतो, आणि तो घेऊन कुणातरी पदम रावलला असा डोंगर चढावा लागतो.

जानुका सही करत नव्हती, कारण सही केली की पुतळा जाळावा लागला असता. ज्याचं प्रेत सापडत नाही त्याचा आमच्याकडे दर्भाचा देह करतात. डोक्याच्या जागी नारळ, अंगाला तीनशे साठ काड्या, वर पांढरं कापड. त्याला तिरडीवर घालून घाटावर नेतात आणि अग्नी देतात. तोवर बाई सवाष्णच. जानुकाच्या हातात लाल बांगड्या होत्या, गळ्यात सवाष्णीची पोते, म्हणजे काचमण्यांची माळ, होती, भांगात सिंदूर होता. "पुतळा जाळायचा म्हणजे मीच त्याला मारायचं," असं ती पहिल्या खेपेलाच म्हणाली होती, आणि पुढे बोलणं खुंटलं होतं.

तिचा सासरा, नरध्वज बस्नेत, स्वतः जुना हवालदार. लेबनॉनात शांतिसेनेत जाऊन आलेला, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. मागच्या खेपेला त्याने सुनेला चिडवून बघितलं होतं. पुतळा जाळला आणि पोरगा परत आला तर काय बिघडतं? रीतच आहे, पुन्हा त्याचं बारसं करू, पुन्हा मुंज लावू, आणि पुन्हा तुझ्याशीच लग्न लावून देऊ. वाजंत्र्यांची चंगळ होईल. सून हसली नव्हती. म्हाताराही मग गोठ्यात जाऊन बराच वेळ बाहेर आला नव्हता.

आज पदम अंगणात पोचला तेव्हा ओसरीवर एक कापडी पिशवी भरून ठेवलेली दिसली. गोठा रिकामा होता. नरध्वज उन्हात मकई सोलत बसला होता. त्याने पदमला वर येताना पाहिलं, पण उठला नाही.

"या सुभेदारसाहेब. वेळेवर आलात. उद्या आला असतात तर सही करायला घरात कुणी नव्हतं."

जानुका आतून चहा घेऊन आली. पदमला ती 'दाजू' म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं, आणि तो तिला 'बुहारी' म्हणायचा, धाकट्या भावाच्या बायकोला म्हणतात तसं. तिने सगळं सरळ सांगून टाकलं. बुटवलच्या गाडीवरच्या एका कंडक्टरने गोरखपूर स्टेशनात एक माणूस पाहिला होता. उंच, दाढी वाढलेला, स्वतःचं नाव न आठवणारा, नेपाळी बोलणारा. फोटो दाखवल्यावर कंडक्टर म्हणाला होता, असू शकेल. म्हैस विकली, उद्या सकाळच्या गाडीने ती निघणार होती. दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, आत माणसाला घरी आणायचं आणि सासऱ्याच्या, बांच्या, हातून आशीर्वादाची टिका लावून घ्यायची, असं तिने ठरवलं होतं.

"तुमच्या रिपोर्टातच आहे ना दाजू," ती म्हणाली, "दोर तुटला आणि तो वाहत गेला. पोहत होता असंही लिहिलंय. तो खालच्या आंधीखोला नदीत पोहायला शिकलेला माणूस. कुठेतरी लागलाच असणार काठाला."

पदमच्या हातातला चहा तसाच राहिला. चौदा महिने त्याने स्वतःची समजूत घातली होती की ते वाक्य दयेपोटी लिहिलं. बाईला तेवढाच आधार, असं तो म्हणायचा. आता त्या आधाराने तिचा गोठा रिकामा केला होता आणि तोच आधार तिला परमुलखातल्या स्टेशनावर वेड्या माणसांचे चेहरे उचलून बघायला धाडत होता. गप्प बसणं सोपं होतं. ती गेली असती, तिथे नाही तर पुढच्या स्टेशनावर, मग पुढच्या. हे असं किती वर्षं चाललं असतं याचा हिशेब त्याला लागेना.

"जाऊ नका बुहारी," तो म्हणाला. "तो तिथे नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"दोर तुटला नव्हता."

मकई सोलणारे हात थांबले.

मग पदमने सांगितलं. ते त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. रबरी होडीत तो होता, वल्ह्यावर एक शिपाई होता, आणि एका घराच्या छपरावरून काढलेली चार माणसं होती, त्यात एक तान्हं मूल आणि त्याची आई. पाचवी म्हातारी छपरावर राहिली होती. खगेंद्र कमरेला दोर बांधून तिच्याकडे पोहत गेला. तिला त्याने होडीपर्यंत आणलं, पदमने तिला वर ओढलं, आणि त्याच वेळी वरून एक ओंडका आला. तो खगेंद्रच्या डोक्यावर बसला. पदमने त्याला पट्ट्याला धरून अर्धं वर घेतलं तेव्हा तो गेलेला होता. कवटीची मागची बाजू राहिली नव्हती. होडी एका अंगाला कलली, पाणी आत यायला लागलं, मुलाची आई ओरडायला लागली. पदमने एका हाताने होडीची दोरी धरली होती, दुसऱ्याने खगेंद्रला. दुसऱ्या वळणापर्यंत त्याने दोन्ही धरलं. मग त्याने खगेंद्रच्या कमरेची गाठ सोडली आणि त्याला जाऊ दिलं.

"वल्ह्यावरच्या पोराची पाठ होती. त्याने पाहिलं नाही. मी दोर तुटला म्हणालो, आणि तेच कागदावर गेलं."

"का?" हे नरध्वजने विचारलं.

पदमने खोटं बोलायचं नाही असं आता ठरवलंच होतं. "भ्यालो, बा. आपला माणूस टाकून आलो हे पलटणीत कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मेलेला असला तरी आपलाच. त्याला घरच्यांच्या हातचा अग्नी मिळाला असता, तो मी घालवला. तुमच्यासाठी लिहिलं असं म्हणायचो. ते खरं नाही. माझ्यासाठीच लिहिलं."

म्हाताऱ्याने हातातलं कणीस टोपलीत टाकलं. "जिवंत माणसांसाठी मेलेल्याला सोडलंस, त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. मीही तेच केलं असतं. पण सुभेदारा, तू दोरावर खापर फोडलंस. दोराला तोंड नव्हतं म्हणून."

जानुका ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. ती रडत नव्हती. तिने एकेक गोष्ट विचारून घेतली. ओंडका लागल्यावर तो काही बोलला का? नाही. दुखलं असेल का? नसेल, तेवढा वेळच नव्हता. डोळे उघडे होते की मिटलेले? उघडे होते. तुम्ही मिटलेत का?

"नाही," पदम म्हणाला. "हात मोकळा नव्हता."

"आणि ते मूल?"

"आहे. आता चालायला लागलंय."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मी दोन तीज केल्या, दाजू. दोन्ही निर्जळ. याच अंगणात बायकांबरोबर नाचले मी, त्याला आयुष्य मिळावं म्हणून. गाव माझ्याकडे बघत होतं आणि मी नाचत होते. ते मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाट बघू नका."

पदम म्हणाला, वाट बघणार नाही.

ती आत गेली आणि पिशवी रिकामी करायला लागली. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने कागद मागितला. सही केली, पण परत देईना. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला खरं काय घडलं ते तुमच्या हाताने लिहा, खाली नाव आणि हुद्दा घाला, मगच हा कागद पलटणीत जाईल, असं तिने बजावलं. पदमने ओसरीवर मांडी घालून लिहिलं. हे वाचल्यावर साहेब काय करतील ते त्याला माहीत होतं. नोकरीची अठरा वर्षं झाली होती, आणखी दोन राहिली होती. तरी त्याने खाली पूर्ण नाव आणि हुद्दा घातला.

दोन दिवसांनी दर्भ कापला. पलटणीतून सलामीसाठी दोन शिपाई आले. पुरोहिताने नारळ ठेवला, काड्या मोजून अंग बांधलं, नरध्वजने मुलाची जुनी टोपी नारळावर घातली आणि तोंड फिरवलं. अग्नी कोण देणार यावर थोडी कुरकुर झाली, कारण मूलबाळ नव्हतं, धाकटा भाऊही नव्हता आणि आमच्याकडे बाप मुलाला अग्नी देत नाही. जानुका म्हणाली, मी देणार, तेरा दिवस मीच बसणार. पुरोहिताने रीत काढली, तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने पोथीचं पान उलटलं.

तिरडीला तीन खांदे लागले. दोघे शिपाई आणि शेजारचा एक जण. पदम अंगणाच्या कडेला उभा होता. आपल्याला मलामीत घेतील, प्रेताबरोबर चालू देतील, एवढीसुद्धा आशा त्याने धरली नव्हती. गावातला कुणीतरी चौथ्या बाजूला पुढे झाला तेव्हा जानुकाने त्याला थांबवलं.

"तिथे दाजू," ती म्हणाली. नरध्वजने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "यांनीच त्याला शेवटचं धरलं होतं, बा. यांनीच पोचवायचं."

पदमने खांदा दिला. गवताचं ओझं ते काय असणार. टोपलीभर जळणसुद्धा त्याहून जड असतं. पण त्याच्या खांद्याला त्या दिवशीचा भिजलेला, गणवेशातला, बुटांसकटचा माणूस ठाऊक होता, आणि हे हलकेपण त्याला सोसवेना. पहिल्या उतारावरच त्याचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता, आणि त्याने तो मोकळा केलाही नाही.

घाटाची वाट दोन तासांची, सगळी खाली उतरणारी. खांदे बदलत गेले. शिपाई बदलले, शेजारी बदलला, गावकरी आळीपाळीने आले. वाटेवरच्या विसाव्याच्या प्रत्येक चौथऱ्यावर कुणीतरी पदमला म्हणायचं, द्या आता आमच्याकडे, दमलात. तो मान हलवायचा आणि चालत राहायचा. उजवा खांदा बधिर झाला, शर्ट फाटला, तरी त्याने बाजू बदलली नाही.

आंधीखोल्याच्या काठावर लाकडं रचलेली होती. जानुका पांढरं नेसून आधीच खाली पोचली होती, आणि नरध्वजला गावच्या पोरांनी पाठीवर घेऊन उतरवलं होतं. बांगड्या तिने पाण्यात सोडल्या होत्या, आणि मनगटावर तेवढ्या जागेची कातडी उजळ दिसत होती. शिपायांनी बंदुका उलट्या करून माना खाली घातल्या. बाकी तिघांनी तिरडी लाकडांवर टेकवली. पदमची बाजू तशीच वर राहिली. त्याची बोटं बांबूवरून निघत नव्हती. पुरोहित म्हणाला, सुभेदार, ठेवा. शेजारी म्हणाला, ठेवा हो. त्याला ऐकू येत होतं, पण हात ऐकत नव्हते.

जानुका पेटती काडी नरध्वजच्या हातात देऊन पदमजवळ आली. तिने त्याचं एक बोट बांबूवरून सोडवलं, मग दुसरं.

"सोडा आता, दाजू," ती म्हणाली. "मी आहे इथे."