लॅपटॉपच्या पोटातला पंखा

मी पंखा बोलतोय. छताला लटकतो तो नव्हे. त्याच्याकडे तुम्ही निदान मान वर करून बघता तरी. मी लॅपटॉपच्या पोटातला. बिस्किटाएवढा जीव माझा, पण मिनिटाला चार-पाच हजार गिरक्या मारायचो. आता फिरत नाही, म्हणून बोलायला सवड आहे. आणि बोलायला हवंच, कारण शेजारी जी पडली आहे तिचं लक्षण मला ठीक दिसत नाही.

जन्म कुठला, ते आठवत नाही. डोळे उघडले ते ठाण्यात, स्टेशनाबाहेरच्या दुकानात. प्राची बारावी पास झाली आणि तिच्या आईबाबांनी, हेमाताई आणि संदेशरावांनी, आम्हाला ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत आणलं. झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं, पेढा दाखवला आणि मग तोच पेढा शेजाऱ्यांना दिला.

माझं काम सोपं. बाहेरची गार हवा आत ओढायची, आतली गरम बाहेर फेकायची. पण हवेबरोबर सगळं घरच आत यायचं. भोचक म्हणा हवं तर, नाकाला काय दार लावता येतं? हेमाताईंनी बोंबील भाजले की आधी मला कळायचं, मग वरच्या मजल्याला. संदेशरावांनी सिगारेट सोडली असं घरात जाहीर झालं होतं. शर्ट काय सांगतो ते त्यांना आणि मलाच ठाऊक.

आत आम्ही तिघं शेजारी. एका बाजूला प्रोसेसरसाहेब, सगळा हिशेब डोक्यात करणारे. दुसऱ्या बाजूला बॅटरीवहिनी. बाई अबोल, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

प्राची कॉलेजातून आली की गेम लावायची. पाचजणांची टीम, समोर दुसरे पाच, धावाधाव आणि गोळीबार. साहेबांना घाम फुटायचा. फार तापले की ते हात आखडता घ्यायचे; जळून जाण्यापेक्षा हळू चाललेलं बरं, असा त्यांचा कायदा. मग समोरचं चित्र अडखळायचं. प्राचीचा शिपाई पळता पळता खांबासारखा उभा राहायचा.

हेडफोनची तार माझ्या उशाशीच लागायची, त्यामुळे तिकडचं बोलणं ऐकू यायचं. टीमचा कॅप्टन अद्वय, कल्याणचा.

"प्राची, उभी काय राहिलीस? फोटो काढतायत का तुझा?"

"लॅग मारतोय यार. नेटचा लोचा आहे."

नेटवाला येऊन डबी बदलून गेला. मी मात्र जीव खाऊन ओरडत होतो, की बाई, नेट नाही, आत धूळ साचली आहे, साफ कर.

"तुझ्याकडे मिक्सर चालू आहे का गं?" अद्वय म्हणाला. "काकूंना सांग, चटणी नंतर वाटा."

प्राची हसली आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही कान गच्च झाकणारे नवे हेडफोन घेऊन आली. मी जितका ओरडायला लागलो, तितका तिला ऐकू येईनासा झालो.

त्यातच खंडेनवमी आली. हेमाताई दरवर्षी न चुकता आमची पूजा करायच्या.

"आई, त्याच्यावर नको गं काही टाकू!"

"गप्प बस. शिलाई मशीनची झाली, बाबांच्या पान्यापकडीची झाली. ह्याच्यावर शिकतेस, ह्याची नको? आणि तोंड उघड त्याचं. झाकलेल्याची पूजा करतात होय?"

झाकण उघडून हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, सगळं कीबोर्डवरच्या जाळीवर वाहिलं. जाळीखाली मी. दोन वर्षांची हळद अंगावर होतीच. यंदा दसऱ्यानंतर प्राचीने लॅपटॉप चालू केला, तसा मी पहिल्या श्वासालाच एक अख्खा तांदूळ आत ओढला. कुंकवाने लालभडक. तो कोपऱ्यात जाऊन बसला. पात्याखाली आला असता तर मी जागच्या जागी जाम. म्हणून जोराने फिरून मी त्याला हवेनेच कोपऱ्यात दाबून धरायचो.

तेव्हाच वहिनींकडे लक्ष गेलं.

"वहिनी, अंग सुजल्यासारखं वाटतंय तुमचं."

"काही नाही हो भाऊजी. गॅस धरलाय जरा. इथे उकडतं किती!"

महिन्याभरात त्यांचं पोट आमच्या तळाला टेकलं आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला.

"बाबा, टेबल हलतंय."

संदेशरावांनी कॅलेंडरच्या पानाची घडी टेबलाच्या पायाखाली सारली. तरी हलतंच. दुसऱ्या पायाखाली सारली. शेवटी म्हणाले, "गोधडीवर घेऊन बस ना. गोधडीवर काही हलत नाही."

खरंच हलेना. पण माझं नाकच बंद झालं.

गेमच्या स्पर्धेची मॅच रविवारी दुपारी होती. ही जिंकली की पुढची ठाण्यात, स्टेजवर, लोकांसमोर. पावसाळा संपल्यानंतरचं ते ऊन, खिडकीचे गजसुद्धा तापलेले. प्राची कॉटवर मांडी घालून बसली, मांडीवर गोधडी, गोधडीवर आम्ही. हेमाताई सरबत ठेवून गेल्या.

मॅच रंगली. साहेब उकळत होते. मी होतं नव्हतं ते बळ लावून फिरत होतो. आणि पलीकडून आवाज आला, हलकासा, फरशी तडकावी तसा.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आता नाही धरवत."

त्या फुटल्या असत्या तर कुठे? पोरीच्या मांडीवर.

मी असा किंचाळलो की खिडकीतलं कबुतर उडालं. प्राचीने हेडफोन कानांवर आणखी दाबले. "थांब अद्वय, दोघेच उरलेत त्यांचे!"

मग मला एकच सुचलं. मी थांबलो, तर साहेबांचा पारा चढणार आणि ते सगळा कारभारच बंद करणार. प्राचीची मॅच जाणार. आणि एकदा जाम झालेला पंखा कुणी दुरुस्त करत बसत नाही, नवा बसवतात. मी जोर सोडला. तांदळाचा दाणा कोपऱ्यातून गडगडत आला आणि पात्याखाली अडकला.

कट्.

थोड्या वेळाने पडदा काळा झाला.

हेमाताई हात पुसत बाहेर आल्या. "काय गं, तो घुर्र आवाज कसा बंद झाला?"

दोन-अडीच वर्षं ओरडत होतो, पण घरात माझा विषय निघाला तो मी गप्प झाल्यावर.

"जिंकत आलेलो गं आई!" प्राची रडायला लागली. हेमाताईंनी तिच्या मांडीवरून लॅपटॉप उचलला आणि चटका बसून तसाच जमिनीवर ठेवला. "अगं बाई! मांडी बघ केवढी लाल झाली तुझी!"

दुसऱ्या दिवशी तिघंही आम्हाला घेऊन ठाण्याच्या दुकानात. रत्नदीप नावाच्या कारागिराने तळ उघडला आणि हात मागे घेतला.

"काका, बॅटरी बघा. पावासारखी फुगलीय. अजून दोन दिवस ताईने मांडीवर घेतला असता ना..."

चिमट्याने त्याने माझ्यातून लाल दाणा काढला. हेमाताई बघतच राहिल्या. "माझ्याच हातचा गं," एवढंच म्हणाल्या. प्राचीने त्यांचा हात धरला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, ताई, त्याच दाण्याने पोर वाचली तुमची. पण आवाज होता कुठे?

नवा पंखा आला, नवी बॅटरी आली. रत्नदीप म्हणाला, "जुनी बॅटरी इथेच राहू दे. नीट विल्हेवाटीला पाठवतो."

"नाही नाही," संदेशराव म्हणाले. "जुने पार्ट आम्हाला द्या. तुम्ही तेच पुसून दुसऱ्याला बसवाल."

"काका, ही घरात ठेवण्यासारखी वस्तू नाही."

"मला शिकवू नका."

अशी आमची वरात परत ठाकुर्लीला आली. पूजा झालेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची, म्हणून हेमाताईंनी आम्हाला देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. इथे वाती आहेत, कापूर आहे, काडेपेटी आहे. मी आहे, लाल दाणा आहे. आणि मला खेटून वहिनी.

बाहेर प्राचीचा गेम चालतो, आता अडखळत नाही. नवा पंखा गुणी आहे, हळू बोलतो. वर रोज संध्याकाळी निरांजन लागतं.

"वहिनी, बरं आहे ना?" मी विचारतो. पूर्वी म्हणायच्या, गॅस धरलाय. आता उत्तर देत नाहीत. नुसत्या वाढतात.

काल हेमाताई म्हणाल्या, "अहो, हा ड्रॉवर नीट लागत नाही."

"लाकूड फुगलं असेल," संदेशराव म्हणाले. "गुडघ्याने ढकल जरा."

त्यांनी ढकललं. वहिनींच्या पोटात पुन्हा ते फरशी तडकल्यासारखं वाजलं.

मला ठेवा, फेका, काय हवं ते करा. हिला तेवढी आजच्या आज रत्नदीपकडे पोचवा. ओरडायला आता माझ्याकडे आवाज नाही. आणि गप्प होऊन सांगायचं, ते एकदाच जमतं. ते मी करून बसलोय.

दिवेलागण झाली. हेमाताई काडेपेटीसाठी ड्रॉवर ओढतायत. तो अडकलाय. ताई, हिसका देऊ नका. जरा वाकून आत बघा.