शेवटच्या जागेसाठी

इंदुमतीनं भावाची बाही ओढली. "नामदेव, पंचांनी हात वर केलाय बघ. गप्प उभं राहायचं."

"उभाच आहे की, अक्का," नामदेव म्हणाला, आणि पुन्हा एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला.

सिकंदराबादच्या छावणीतल्या या गोल्फच्या मैदानावर बघ्यांना येऊ देण्याचा हा पहिलाच हिवाळा. गोऱ्यांची पलटण निघून गेली होती, पोलीस ॲक्शनही होऊन गेली होती. काचीगुड्याची, बरकतपुऱ्याची माणसं टांगे करून आली होती. पंच म्हणून नेमलेले निवृत्त मेजर प्रत्येक वेळी घसा ताणून तेच सांगत: खेळाडू चेंडूवर उभा राहिला की बोलायचं नाही, हलायचं नाही, चुकला तर टाळी वाजवायची नाही. लोक माना डोलावत आणि दोरीच्या पुढं सरकत.

कलकत्त्याचे, मुंबईचे व्यावसायिक खेळाडू उद्यापासून खेळणार होते. हैदराबादेतून एकालाच त्यांच्यात जागा होती. दिवसभर खेळून दोघं बरोबरीत राहिले होते: इंदुमतीचा नवरा गोविंद आणि असगर मिर्झा. दोघं याच मैदानावर साहेबलोकांना खेळ शिकवत मोठे झाले होते. आता शिकणारे साहेब नव्हते. उद्या बाहेरच्या क्लबांची माणसं येणार होती. ज्याचा खेळ त्यांच्या नजरेत भरेल, त्याचं पुढचं आयुष्य मार्गी लागणार होतं. दुसऱ्याचं काय, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

बरोबरी मोडायला जास्तीचा एक होल चालला होता. तेल शिंपडून घट्ट केलेल्या वाळूच्या गोलात दोन्ही चेंडू येऊन थांबले होते. असगरचा होलपासून चार हातांवर, गोविंदचा दोन हातांवर. असगर वाकला. दांडी मागं गेली.

"जाव कराची को!"

चेंडू होलच्या कडेनं पुढं निघून गेला.

दोरीपाशी दोघेतिघे हसले. मेजर तरातरा आले. "कोण बोललं?"

 नामदेव समोर कुठंतरी लांब पाहत होता.  गावाकडचं घर रझाकारांनी जाळल्यापासून तो बहिणीकडंच राहत होता. घरात भांडं पडलं तरी उठून दारापर्यंत जायचा, कडी हलवून बघायचा. इंदुमती त्याला काही विचारत नसे.

"मिर्झा," मेजर म्हणाले, "झालेला फटका झाला. पण आवाज कुठून आला सांगा, माणूस बाहेर काढतो."

असगरनं पुढचा छोटा फटका मारून चेंडू होलमध्ये घातला, मग काढून रुमालानं पुसला. पुसतच राहिला.

"मेरेकू तो कुछ सुनाई नै दिया, साब. हातच चुक्या."

गोविंद आपल्या चेंडूवर उभा राहिला. हा गेला की जागा त्याची. त्यानं दांडीवरची बोटं सोडली, पुन्हा धरली. पुन्हा सोडली. मेजरांचा हात वर गेला. सगळं मैदान गप्प झालं.

"थांबा," इंदुमती म्हणाली.

तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. गोविंद ताठ झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मघाशी माझा भाऊ बोलला," ती मेजरांना म्हणाली. "आता मी बोलले. मी यांची बायको."

 मेजरांनी फाटकाकडं बोट केलं. इंदुमतीनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पदर खांद्यावर घेऊन ती चालू लागली. मागून नामदेवची पावलं येत होती. फाटकापर्यंत पोचायच्या आत मागं गर्दीतून एक लांब सुस्कारा उठला. तो कशाचा, ते तिला कळलं नाही.

रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर दोघं बसली. नामदेव उठला, फाटकापर्यंत गेला, परत आला.

"दाजींसाठीच ओरडलो ना मी?" तो म्हणाला.

ती फाटकाकडं पाहत राहिली.

"अक्का, दाजींसाठीच की."

"नाही," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी नाही."

तो बसला. बऱ्याच वेळानं लांबून टाळ्या ऐकू आल्या. मग माणसं बाहेर पडू लागली आणि त्यांच्या मागून खांद्यावर पिशवी घेऊन असगर एकटाच आला. त्यांना पाहून तो थबकला, मग सरळ इंदुमतीपाशी आला.

"तुम्ही गेल्यावर गोविंदचा चेंडू होलच्या काठावर राहिला, भाभी. पुन्हा बरोबरी झाली, मग अजून एक होल खेळलो. त्याच्यात मी हारलो." तो थोडा हसला. "अच्छा हारा. सगळे गप होते."

"हे… चुकले? दोन हातांवरून?"

"वो उसकूच मालूम. मी विचारलं नाही."

नामदेव जमिनीकडं बघत होता. असगर त्याच्याकडं वळला.

"आपकी आवाज मैं पहचाना था."

"फिर बोले कायकू नै?"

"गोविंद बताया था मेरेकू, आपके गाँव का." पिशवीचा पट्टा त्यानं खांद्यावर सारखा केला. "मैं क्या बोलता?"

काचीगुड्याची बस येऊन उभी राहिली. कंडक्टरनं हाक दिली. नामदेवनं उठायला हात टेकला, आणि तसाच राहिला.

"घर में कौन है तुम्हारे?" त्यानं विचारलं.

"अम्मी है. भाई गया… उधर."

नामदेवनं कंडक्टरला हात हलवून जायला सांगितलं. मग तो कठड्यावर सरकला, एका माणसापुरती जागा होईपर्यंत सरकला.

"बैठो. दाजींना यायला वेळ आहे."

असगरनं आधी इंदुमतीकडं पाहिलं. मग खांद्यावरची पिशवी उतरवली आणि अगदी कडेला, अंग चोरून बसला.