गोल गिरमिट, चौकोनी भोक

देऊळघाटच्या निवृत्ती सुताराने खामगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून टेबलावर ठेवायची विजेची मशीन आणली, आणि तेव्हापासून त्याच्या जिभेला हाड म्हणून राहिलं नाही. गावात वीज येऊन जेमतेम वर्ष झालेलं. पारावर, किराणा दुकानात, न्हाव्यापुढे मान वाकवूनसुद्धा त्याचं एकच, "गोल गिरमिटानं चौकोनी भोक पाडते आपली मशीन!"

"काऊन फेकून राह्यला बे?" मळेवाले उकंडराव म्हणाले. "उद्या म्हणशीन, कोंबडी इटा घालते!"

खरं तर निवृत्ती खोटं बोलत नव्हता. मशीनला एक चौकोनी, पोकळ पटाशी होती आणि तिच्या पोटात गिरमिट फिरायचं. गिरमिटाने मधलं लाकूड काढायचं, पटाशीने कोपरे कापायचे. दांडा खाली ओढला की काम फत्ते.

रविवारी त्याने सगळ्या गल्लीला बोलावलं. बाजेच्या पायासाठी आणलेला बाभळीचा तुकडा मशीनखाली धरला, छाती फुगवली आणि दांडा ओढला. मशीन डुकरासारखी किंचाळली. निळा धूर निघाला. पटाशी लाकडात अशी रुतली की दांडा सोडल्यावर तुकडाही तिला लोंबकळत वर आला.

"भोक नाही, पण बिडी मस्त पेटवते," उकंडराव म्हणाले, आणि लोक हसत हसत घरी गेले.

निवृत्ती तोंड पाडून बसला. लाकूडच वाईट, विजेलाच जोर नाही, कारखानेवाल्यानेच फसवलं! बायको मंजुळाबाई दारात उभी राहून नाक वर करून वास घेत होती.

"जळक्या पिठाचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली. "ते गिरमिट अन् पटाशी एकमेकाले चिकटून बसवली का जी तुमी? जात्याच्या खुंट्याले चिंधी गुंडाळून वरची तळी जराशी उचला लागते. नाही त पीठ जळते."

"जातं अन् मशीन एकच हाये काय वं?" निवृत्ती उखडला. "तू आपल्या भाकरी पाह्य!"

मंजुळाबाई घागर घेऊन विहिरीकडे वळली मात्र, निवृत्तीने धावत जाऊन पटाशीचा स्क्रू सैल केला. पटाशी जराशी वर सरकवली, गिरमिटाचं टोक ज्वारीच्या कणीएवढं खाली उरू दिलं आणि स्क्रू आवळला. धूर थांबला! पण कापताना कोपरे अजून कुरतडल्यासारखे होत होते. मग त्याने पटाशीच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. बोटाला धार लागेचना. कारखान्याने ती पार बोथट करून सोडली होती. त्याने बाभळीचाच एक भोवऱ्यासारखा निमुळता खुंटा तासला, त्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि पटाशीच्या तोंडात घालून गरगर फिरवत बसला. बाहेरच्या चारी बाजू तेलाच्या दगडावर अलगद घासल्या.

तरी भोकं एकमेकांशेजारी तिरकी पडली, जणू पायऱ्याच. तेव्हा गुण्या लावून त्याने पटाशी लाकूड टेकवायच्या मागच्या पट्टीशी काटकोनात वळवली. आता मात्र दांडा लोण्यात सुरी जावी तसा गेला. त्याला एवढा आनंद झाला, की मंजुळाबाई घागर घेऊन कधीची मागे उभी आहे हे त्याला कळलंच नाही.

"मीच शोधलं हे," तो घाईघाईने म्हणाला.

"हाव," ती म्हणाली. "अन् मीच गल्लीले पुन्हा बोलावलं."

लोक जमलेच. निवृत्तीने बाजेचा पाया मशीनखाली धरला. दांडा पाच वेळा खाली गेला, पाच वेळा वर आला. बाजेच्या पायात लांब, चौकोनी, कोरीव भोक! आडव्या दांडीचं तासलेलं टोक, म्हणजे कूस, त्यात घालून पाहिली, तर ती टुकदिशी बसली.

उकंडरावांना पटेना. बाजूला पडलेल्या एका तुकड्यात मघाशी पाडलेलं एकच भोक दिसताच त्यांनी त्यात करंगळी खुपसली, चारी कोपरे चाचपले आणि "आरं, खरंच की!" म्हणत बोट ओढलं. बोट येईना. त्यांनी लाकडासकट हात झटकला.

"ओढू नका, फुगन ते," मंजुळाबाई गोडं तेल आणायला वळली.

निवृत्तीने दांड्यावर हात ठेवला. "दादा, भोक जरा मोठं करून देऊ का?"

"हात नको लावू मशीनले!" उकंडराव किंचाळले. तेल आलं, बोट सुटलं. लाल झालेली करंगळी चोखत ते म्हणाले, "माह्या घरी दोन बाजा करून दे. पण बे, पायांतली भोकं माह्यासमोर नको पाडू."