एडविनच्या खुर्चीमागची भिंत

पास्क गवंड्याने छिन्नीची मूठ विटेवर हलकेच मारली, तर विटेची पुढची कपचीच सुटून त्याच्या तळहातावर पडली. मागे नुसता ओला लाल भुगा.

"काकू, या दरजा सिमेंटने कुणी भरल्या?"

"का रे?" म्युरियलने विचारलं.

"दोनशे वर्षांचं घर. विटाही मऊ आणि मधला चुनाही मऊ. भिंत पाऊस प्यायची आणि चुन्यातून सोडून द्यायची. कुण्या दीडशहाण्याने सिमेंट ठासून तिचं नाक-तोंड बंद केलं. तेव्हापासून सगळी ओल आतच." त्याने वर पाहिलं. "ती खोली कुणाची?"

"सामान असतं तिथे."

सामान होतं खरं, पण त्याआधी तिथे त्यांची मुलगी हेटी झोपायची. नऊ वर्षांची, छातीने नाजूक. तिला ओल बाधते म्हणून म्युरियलच्या नवऱ्याने, एडविनने, एक अख्खा उन्हाळा शिडीवर काढला, जुना चुना खरवडून एकेक दरज सिमेंटने भरली. सगळं गाव वाखाणत होतं. पुढच्या हिवाळ्यात खोलीतल्या भिंतीवरचा कागद काळा पडला आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हेटी गेली. चाळीस वर्षं म्युरियलने या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आता पाहिल्या, आणि पास्कला बोलावलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"आम्ही घर घेतलं तेव्हापासून असंच आहे," ती म्हणाली. "एडविनला यातलं काही बोलू नकोस. भिंत म्हातारी झाली म्हण."

"नाही बोलत. पण काकू, ही पाडावीच लागणार." पास्क भिंतीलगतची एडविनची खुर्ची सरकवून वाकला. "अरेच्चा! इथे तर आधीच कुणीतरी हात घातलाय."

खुर्चीमागे विटांच्या सहा ओळींमधलं सिमेंट खरवडून काढलेलं होतं. बसल्या माणसाचा हात पोचेल तेवढंच. काही दरजांवर शेवाळ चढलं होतं, काही अगदी ताज्या होत्या. खाली गवतात लोणी लावायची सुरी पडली होती. ती हरवली म्हणून म्युरियलने चार वर्षांपूर्वीच नाद सोडला होता.

रोज दुपारी एडविन इथे उन्हाला बसायचा. त्याची नखं घासताना ती चिडवायची, "बटाटे उकरतोस की काय?" तो नुसता हसायचा.

काठी टेकत एडविन दारातून बाहेर आला.

"काय म्हणतोय पास्क?"

"भिंत म्हातारी झाली म्हणतोय," म्युरियल म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने पास्ककडे पाहिलं. पास्क छिन्नी पुसत राहिला.

"झालीय खरी म्हातारी," एडविन म्हणाला. त्याने खुर्ची ओढून पूर्वीच्या जागी लावली आणि पाठ भिंतीला टेकून बसला, त्या सहा ओळी तिला दिसणार नाहीत असा. म्युरियलने त्याच्या गुडघ्यांवर शाल घातली. वाकल्या वाकल्या तिने गवतातली सुरी खुर्चीखाली सरकवली, त्याच्या उजव्या हाताला सापडेल अशी.