मांडवात पेटलेला मग

मित्रांनो, मी एक जुना मग आहे. खरं सांगायचं तर मी अर्धाच आहे. माझा दुसरा अर्धा, म्हणजे माझा जुळा भाऊ, देवरीला नांदतो. आम्ही दोघं तांब्याचे, वरून चांदीचा मुलामा, आणि दोघांनाही एकेकच कान. एका कानाने जेवढं ऐकलं तेवढं सांगतो.

आमचा जन्म अमेरिकेतला. तिथल्या एका गुत्त्यात जोनास पेरी नावाचा माणूस आमचा धनी होता. त्या काळी बहुतेक लोक दारू नुसतीच पीत आणि पडत. जोनाससारख्या काही कलावंतांनी तिच्यात लिंबू, साखर, कडू अर्क आणि बर्फ घालायला सुरुवात केली. आता लोक चवीने पडू लागले. या मिश्रणाला तिकडे कॉकटेल म्हणतात, म्हणजे कोंबड्याची शेपटी. त्यात कोंबडा नसतो, शेपटीही नसते. असं का म्हणतात हे जोनासलाही ठाऊक नव्हतं.

त्याचा खरा खेळ निराळाच. माझ्यात गरम व्हिस्की ओतून तो काडी लावी आणि पेटलेली धार माझ्यातून भावात, भावातून माझ्यात फेकी. हवेत निळी कमान उभी राही. टाळ्या जोनासला, चटके आम्हाला. तरी त्या दिवसांचा मला फार अभिमान आहे.

जोनास वारला. पुढे काही वर्षांनी तिथल्या सरकारने देशभर दारूच बंद केली आणि गुत्त्याचं सामान विकलं गेलं. आम्हाला एका इंग्रज रेल्वे इंजिनियरने घेतलं आणि थेट गोंदियाला आणलं. भाऊ म्हणाला, निदान जंक्शन तरी आहे.

साहेबांच्या क्लबात आम्ही बिसरामच्या हाती पडलो. बिसराम मूळचा कामठ्याचा. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब कधी जिभेला लावलेला नाही. चव तो साहेबांच्या तोंडावर पाहायचा. भुवया वर गेल्या की लिंबू जास्त, डोळे मिटले की बरोबर. बर्फ नागपूरहून धानाच्या कोंड्यात गुंडाळून गाडीने यायचा आणि अर्धा वाटेतच रजेवर जायचा. आगीची कमान इंजिनियर साहेबाने त्याला शिकवली. "अजून उंच, बिसराम!" असं तो ओरडे. शिकता शिकता बिसरामची डावी मिशी जळाली. त्याने उजवी कापून हिशेब बरोबर केला.

बदली झाल्यावर साहेबाने आम्हा दोघांना बिसरामला भेट देऊन टाकलं. त्याच्या घरात एवढी चकचकीत भांडी दुसरी नव्हती, आणि तिथेच घोटाळा झाला.

बिसरामच्या एकुलत्या एका लेकीचं, शामकलाचं, लग्न निघालं. दिवसभर वैशाखाचं ऊन खात देवरीची वरात दिवेलागणीला पोचली. वरपक्षाने मुलीच्या घरचं पाणी घेतल्याशिवाय लग्न लागायचं नाही. बिसरामने मोठ्या मानाने आमच्यातच पाणी भरलं आणि इवाई बकाराम, म्हणजे नवरदेवाचा बाप, याच्यापुढे धरलं.

वऱ्हाडात नंदलाल नावाचा रेल्वेतला माणूस होता. तो ओरडला, "अरे, ये तो क्लब के दारूवाले मग हैं!"

बकाराम उठून उभा राहिला. "दारूच्या भांड्यात पानी? आमाले का समजलास गा?"

"मातीनं घासले हायेत, इवाई."

"मातीनं दारू जाते का? वरात वापस नेतो मी!"

मित्रांनो, हे बोलताना बकारामच्या तोंडाला मोहाच्या दारूचा असा वास येत होता की मला अमेरिका आठवली. पण तो पडला वरबाप. हळदीच्या अंगाने शामकला दारात उभी होती. माझ्या चांदीत मी पुष्कळ चेहरे पाहिले, पण इतका उतरलेला चेहरा पाहिला नव्हता.

तेवढ्यात बकारामची म्हातारी आई जमुनाबाई बोलली. तहानेने तिचा जीव चालला होता.

"बाटलेला भांडा विस्तवातून काढला का शुद्ध होते. आपल्यात असाच करतेत ना? मंग कायले बोंबलून राहिलास?"

विस्तव म्हटल्यावर बिसरामचा चेहरा उजळला. "माय, हे भांडे जनमभर विस्तवातच होते. आता दाखवतो. पन पेटवाले पहिल्या धारेची पायजे."

आणि बकारामने, काही विचार न करता, धोतराच्या घडीतून बाटली काढून पुढे केली.

सगळा मांडव त्याच्याकडे पाहू लागला. बकाराम मांडवावरच्या जांभळीच्या डहाळ्या पाहू लागला.

बिसरामने अंगणात येऊन मोहाची दारू निखाऱ्यावर तापवली, माझ्यात ओतली, काडी लावली. मी पेटलो, भाऊ पेटला. गोंदियाच्या अंगणात जोनासची निळी कमान उभी राहिली. सनईवाला वाजवायचं विसरला. आग विझल्यावर आम्हाला राखेने घासलं, पाणी भरलं, आणि पहिला मग जमुनाबाईने स्वतःच ओढून घेतला.

"भांडे निघाले आगीतून, या बिसरामचे हात बी निघाले," ती लेकाला म्हणाली. "आता तुले काढू का?"

बकाराम दुसरा मग घेऊन पाणी प्यायला. दारूचा विटाळ दारूच्याच आगीने गेला, यात कोणालाही काही खटकलं नाही. तहान मोठी शास्त्री असते.

लग्न लागलं. निघताना जमुनाबाईने आंदणात भावाला मागून घेतलं. म्हणाली, "बकारामले धाकात ठेवाले पायजे."

भाऊ गेल्यावर मला कळलं की एकट्या मगाची कमान होत नाही. आधी माझ्यात ताक आलं, नंतर मीठ, शेवटी वाकलेले खिळे. मी काळा पडलो.

यंदा स्वराज्य आलं. साहेब गेले, क्लबाला कुलूप लागलं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला शामकला माहेरी आली, ती पदराखाली भावाला घेऊनच. बिसरामचे हात आता थरथरतात. तिने माझ्यातले खिळे काढले, मला राखेने लख्ख केलं, आणि ताकाची धार माझ्यातून भावात सोडली. अर्धं ताक कुत्र्याच्या वाट्याला गेलं.

"उंच धर माय," बिसराम खाटेवरून म्हणाला. "अजून उंच. अमेरिका दिसली पायजे."

मित्रांनो, आगीचा खेळ तुम्ही करू नका; त्यासाठी जाळायला मिशी लागते. पण घरात जोडीतलं एखादं एकटं भांडं असेल, तर ते मोडीत घालू नका. त्यात खिळेही ठेवू नका. मंडई जवळ आली की तेवढं घासून ठेवा. त्याचा भाऊ कदाचित वाटेत असेल.