छतावरचा व्हॉल्व्ह

गार पाण्याचा नळ उघडला की बादली भराभर भरायची. गरम पाण्याचा उघडला की पहिलं लोटाभर पाणी जोरात यायचं, आणि हाताला गरम लागलं रे लागलं की धार सुतळीएवढी व्हायची. हरिदासला यात काही कोडं वाटत नव्हतं. वरून कोणीतरी व्हॉल्व्ह पिळत होतं.

वरचा म्हणजे घरमालक दत्तोपंत. रायपूर राजधानी झालं तसा पंडरी बाजारामागच्या या घरावर मजला चढला, मजल्यावर सोलर चढला आणि छताला कुलूप लागलं. सोलरचं पाणी पाइपाने खाली हरिदासच्या बाथरूममध्ये यायचं. व्हॉल्व्ह छतावर, आणि छताची चावी दत्तोपंतांच्या जानव्याला.

धार बारीक कधी झाली तो दिवससुद्धा हरिदासने लक्षात ठेवला होता. दसऱ्याला बायकोने, कांताबाईने घर धुऊन काढलं, दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. हरिदासने गळका नळ खोलून घरच्या घरी दुरुस्त केला. एकतीस वर्षं रेल्वेत फिटर असलेला माणूस प्लंबर थोडाच बोलावणार. संध्याकाळी दत्तोपंत दारात आले, फोटोकडे पाहिलं, "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि वर निघून गेले. घर देताना त्यांनी आडनाव विचारलं नव्हतं. त्याआधी दोन घरमालकांनी विचारलं होतं, आणि दोघांचीही खोली नेमकी कालच गेली होती.

त्या आठवड्यापासून धार बारीक.

आता डिसेंबर. रुचिता बाळंतपणाला माहेरी आलेली, पोट्टी नऊ दिवसांची. बादली भरायला अर्धा तास, तोवर पाणी कोमट. कांताबाई गॅसवर पातेली चढवून चढवून वैतागली होती. हरिदासने पंडरीच्या कापडदुकानातून सामान भरायला चार रिकामे खोके आणून बाथरूमच्या दाराशी रचले. व्हॉल्व्ह बंद दिसला की त्याच दिवशी घर सोडायचं.

"बाबा, इतनी छोटी बच्ची को लेके कहाँ जाएँगे?" रुचिता म्हणाली. "पहले देख तो लो."

दत्तोपंत दोनदा बघून गेले होते. दोन्ही वेळा उंबऱ्यावरूनच वाकले, दोन बोटांनी नळ फिरवला, धो धो पाणी आलं.

"फुल तर येऊन राहिलं, हरिदासभाऊ."

"थोडं चालू राहू द्या न जी."

"काहून वाया घालवता पाणी," म्हणत नळ बंद, आणि दत्तोपंत जिन्यावर. दुसऱ्या सकाळी पुन्हा सुतळी. मालक आला की पाणी येतं, गेला की जातं. नळाला माणसं ओळखता येत नाहीत. व्हॉल्व्ह पिळणाऱ्याला येतात.

रविवारी सकाळी हरिदास वर गेला.

"चावी द्या."

"कशाची जी?"

"छताची. मले पाहायचं आहे, आमचं पाणी किती कापलं तुम्ही."

दत्तोपंतांचा चेहरा उतरला. त्यांनी बनियनमधून जानवं ओढलं आणि चावी सोडवून दिली. हरिदास भांडणाच्या तयारीने आला होता. चावी इतकी सहज हाती आली की त्याला जास्तच संशय आला.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. चाकावर धुळीचा थर, त्यावर कोणाच्या बोटाचा ठसा नाही. हात लागलेलं लोखंड आणि न लागलेलं लोखंड फिटरला कळतं. अर्धा बंद निघाला असता तर हरिदासला बरं वाटलं असतं.

"इथंच थांबा," मागे आलेल्या दत्तोपंतांना तो म्हणाला. व्हॉल्व्ह बंद करून खाली आला, गरम पाण्याचा नळच काढला, पाइपाच्या तोंडाखाली बादली लावून वर ओरडला, "सोडा."

पाणी अंगावर आल्यासारखं आलं. वाफ झाली, पायाची बोटं भाजली.

"बंद करा, बंद करा."

म्हणजे पाइप साफ. खोट हातातल्या नळात. त्याने नळ खोलला. आत ट्रकच्या जुन्या ट्यूबचा, कात्रीने कापलेला रबरी वायसर. बादलीतल्या गरम पाण्यात धरला तर फुगला, पाण्याची वाट अडेल इतका. गार पाण्यात आक्रसला. दत्तोपंत पाणी गरम व्हायच्या आत नळ बंद करत होते, म्हणून त्यांना कधी दिसलंच नाही.

कांताबाईने वाकून बघितलं. "हा तर तुम्हीच दसऱ्याला कापला होता."

"हव."

"आन् खोके आणून ठेवले."

हरिदासने पेटीतला बाजारचा वायसर बसवला, नळ लावला आणि व्हॉल्व्ह सोडायला वर हाक दिली. दत्तोपंत खाली आले तेव्हा फुगलेला वायसर त्यांच्यापुढे धरला.

"माझाच निघाला."

दत्तोपंत उंबऱ्याबाहेरूनच वाकले. "मले वाटलं, तुम्ही माझ्यावर केस-गीस करायचं निमित्त पाहून राहिले. म्हणून आत थांबत नव्हतो."

"आन् मले वाटलं, आमच्या नळाला हात लावणं तुम्हाले जड जाते."

दत्तोपंत जिन्याकडे वळू लागले.

"मग आज थांबा," हरिदास म्हणाला आणि नळ उघडला.

पहिलं लोटाभर पाणी गार. दत्तोपंतांचा हात सवयीने नळाकडे गेला.

"राहू द्या."

हात तसाच थांबला. पाणी कोमट झालं, मग वाफ आली, आणि धार होती तशीच जाड राहिली.

"हात घाला न जी. पाहा."

दत्तोपंतांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. मग उंबरा ओलांडून आत आले आणि अख्खा पंजा धारेखाली धरला. चटका बसला तसा ओढला. पुन्हा धरला.

आतून रुचिताचा आवाज आला, "मम्मी, बाल्टी लगा दो, उठ गई है."

कांताबाईने दोघांच्या मधून बादली सरकवली. "सरका जी दोघं. आन् ते खोके उचला माझ्या वाटेतून."