दार उघडायचं नाही

आमच्या घरात या मे महिन्यात एक नियम लागू झाला. आतून कसलाही आवाज आला तरी अमोघच्या खोलीचं दार उघडायचं नाही. ओरडला तरी नाही, किंचाळला तरी नाही. किंचाळणं हेच तर त्याचं गाणं होतं.

अमोघ माझा मुलगा. चांगला सत्तावीस वर्षांचा घोडा. कॉलेजात असल्यापासून ‘विषमज्वर’ नावाच्या रॉक बँडमध्ये गात होता. असलं नाव का ठेवलंत म्हणून मी विचारलं होतं, तेव्हा बँडमधले चौघेही माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. बडोद्यातल्या समा भागात हार्दिकच्या गॅरेजमध्ये त्यांचा धिंगाणा चालायचा. हार्दिक ड्रम बडवायचा, दिग्विजय गिटार वाजवायचा आणि लांब किंचाळीत अमोघला साथही द्यायचा. थंडी संपता संपता त्यांचं फाटलं. हार्दिकला नवरात्रात गरबा वाजवायचा होता, अमोघला स्वतः लिहिलेली मराठी गाणी करायची होती. “मराठी कोण सांभळशे, यार?” हार्दिक म्हणाला. बडोद्यात मराठी रॉक ऐकणार कोण, हा प्रश्न तसा रास्तच होता, पण माझ्या पोराला कुणी असं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

“सोड त्यांना,” मी म्हटलं. “एकट्याचा अल्बम कर. तुझं काय अडलंय त्यांच्यावाचून?”

त्यानं खरंच सोडलं. आणि अल्बम करायला बसला तो आमच्याच घरात, तरसालीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये.

आतल्या खोलीच्या भिंतींना त्यानं गाद्या उभ्या केल्या. दाराला आतून लग्नातली जाड रजई खिळ्यांनी ठोकली. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, एसी बंद. बाहेर बडोद्याचा मे महिना, आणि हा त्या भट्टीत बनियन घालून बसलेला. दुपारी सोसायटी झोपली की रेकॉर्डिंग सुरू. तेवढ्या वेळात मी मिक्सर लावायचा नाही, कुकर चढवायचा नाही, फ्रिजसुद्धा बंद ठेवायचा. दाराच्या बेलची वायर त्यानं काढूनच टाकली होती. जनार्दन, म्हणजे माझे यजमान, मकरपुऱ्याला कारखान्यात असायचे, त्यामुळे हा सगळा जाच एकट्या माझ्या वाट्याला.

पहिल्या दिवशी तो किंचाळला तेव्हा माझ्या हातातलं पातेलं पडलं. समोरच्या भक्तीबेन लाटणं घेऊनच धावत आल्या. “मंदाबेन, कोई मारे छे के शुं?” त्यांना वाटलं, कुणी माराय-कापायलाच घरात शिरलंय. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, गाणं आहे म्हणून सांगितलं. त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. नंतर शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी सगळे मजले फिरले. दुपारी आमच्याकडून चीस, म्हणजे किंचाळी, ऐकू आली तर घाबरायचं नाही, यायचं नाही, अमोघ गातोय, असं दारोदार सांगून आले. माणसं चांगली आहेत आमच्याकडची. त्यांनी ऐकलं.

मी मात्र घाबरतच राहिले. रोज. पोटच्या पोराची किंचाळी ऐकून हातपाय गार पडतात, त्याला कोण काय करणार? एकदा तर न राहवून मी दार ढकललंच. तो डोळे मिटून गात होता, छान ठणठणीत उभा होता, आणि माझ्यामुळे अख्खं गाणं वाया गेलं. त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. वरण वाढलं तर ताट सरकवायचा, बस. तेव्हापासून मी ठरवलं, आता घर पडलं तरी हात लावणार नाही त्या दाराला.

पण कान थोडेच बंद होतात? मला त्याच्या गाण्याआधीचं-नंतरचं सगळं पाठ झालं. गाणं बिघडलं की तो खोकायचा आणि एक शिवी हासडायचा. जमलं की घटाघटा पाणी प्यायचा. शिवी किंवा पाणी, दोन्हींतलं एक ऐकू आलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

शेवटचं एकच गाणं उरलं होतं. आमच्या विश्वामित्री नदीच्या पुरावरचं. पाणी जिन्याची एकेक पायरी चढत येतं आणि वर गच्चीवर एक माणूस उभा आहे, असं काहीतरी. शेवटी त्या माणसाची लांबच लांब हाक. बँडमध्ये ही हाक दोघं मिळून मारायचे, अमोघचा श्वास संपला की दिग्विजय उचलायचा. आता उचलायला कुणी नव्हतं. रोज हाकेच्या मध्यावर त्याचा दम तुटायचा, खोकला यायचा, शिवी यायची.

त्या दुपारी मी ओट्याशी कैऱ्या चिरत होते. आत गाणं चढत गेलं, हाक सुरू झाली, आणि मध्येच काहीतरी आपटलं. हाक तिथंच थांबली.

मी कान लावून बसले. खोकला नाही. शिवी नाही. पाणीही नाही. नुसती त्याच्या गिटारच्या खोक्याची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची, भुणभुण येत राहिली.

माइक पडला असेल, मी मनाला म्हटलं. किंवा जमलंच असेल आज, आणि तो मुद्दाम गप्प असेल. गाणं संपल्यावरही थोडी शांतता लागते, तीही रेकॉर्ड होते, हे त्यानंच मला शिकवलं होतं. मी उठले, दाराशी गेले, कडीला हात लावला. परत काढला. उघडलं आणि तो आत नीट उभा असला तर? शेवटचं गाणं, महिनाभराची मेहनत, आणि पुन्हा ही बया मध्ये तडमडली. मी तिथं उभी राहून पोराच्या रागाचा विचार करत होते. एक माणूस जरी आत त्याच्याबरोबर असता, तो हार्दिक असता, अगदी त्याचा नसता मराठीद्वेष घेऊन असता, तरी चाललं असतं असं वाटलं. मग मला ती भुणभुण सहन होईना. मी दार ढकललं.

तो भिंतीवरून कोसळलेल्या गादीवर आडवा पडला होता. गिटार अंगावर, एक हात तारांवर आवळलेला, दुसऱ्या हाताची मूठ माइकवर. डोळे उघडे होते. ओठ हलत नव्हते. मी त्याचा खांदा धरला तशी माझ्या दंडापर्यंत अशी झिणझिणी गेली की मी मागं फेकले गेले.

मग कळलं. मी बाहेर पळाले, चपलांच्या कपाटावरचा मेन स्विच खाली ओढला. भुणभुण थांबली. परत आत गेले तर त्याच्या मुठी सुटल्या होत्या आणि छाती हलत होती, पण अगदी थोडी, आहे की नाही अशी. मी त्याला हाका मारल्या. मग जिन्यात जाऊन आरडाओरडा केला. “धावा! अहो, कुणीतरी या! अमोघ गेला हो!”

कुणी आलं नाही. एक दार उघडलं नाही, एक खिडकी वाजली नाही. अख्खी सोसायटी आपापल्या घरात आमची चीस ऐकून कूस बदलून झोपली, कारण मीच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी भक्तीबेनच्या दारावर दोन्ही हातांनी बडवलं. त्यांनी दार उघडलं ते हसत हसतच. “आजे तो तमे पण गायुं ने!”

आज मीही गायले, असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांचा हात धरून ओढला.

पुढचं त्यांनीच केलं. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर अमोघचं डोकं मांडीवर घेऊन मी दवाखान्यापर्यंत गेले आणि सगळा रस्ता त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले. थोडक्यात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. ओठ आणि बोटं भाजली होती, हृदयावर चार दिवस लक्ष ठेवलं. घरी वायरमन आला, त्यानं खोलीतला प्लग उघडून दाखवला. अर्थिंगची वायर कुठंच जोडलेली नव्हती, नुसती आत गुंडाळून ठेवलेली. हातात गिटार आणि ओठ माइकला टेकले की करंट अंगातून जायचा. “आधी थोडं थोडं झिणझिणत होतं,” अमोघ म्हणाला. “मला वाटलं, गाणं चढतंय.” दिग्विजय म्हणे दर वेळी वाजवण्याआधी माइकला उलटा हात लावून करंट येतोय का ते बघायचा. सगळ्यांच्या वतीनं तोच बघायचा, म्हणून बाकी कुणाला ती सवयच लागली नाही.

जनार्दननी गाद्या उचलायला घेतल्या. “बस झालं. नऊ गाणी पुष्कळ झाली.” मीही तेच म्हटलं.  प्लग दुरुस्त झाला होता, वायरमननं दोनदा तपासला होता, तरी अमोघ खोलीत जायचा, गिटारकडे बघायचा आणि बाहेर यायचा. एकदा मी पाहिलं, त्यानं माइकजवळ तोंड नेलं आणि त्याची हनुवटी थरथरायला लागली. कधी कुणाला न भिणारा माझा मुलगा. मला त्याचा मुका घ्यावासा वाटला, पण त्या वयाचे मुलगे मुके घेऊ देत नाहीत.

मग एका दुपारी तो स्वयंपाकघरात आला. “आई, तू आत बस.”

“मी? आणि हलले तर?”

“हल.”

“खोकले तर?”

“खोक ना. पण दार लावल्यावर आत कुणीतरी पाहिजे मला.”

बसले. खोलीच्या स्विचबोर्डजवळ स्टूल घेतलं आणि गिटारच्या खोक्याच्या बटणावर बोट ठेवलं. त्यानं माइकला उलटा हात लावून बघितला. मग पुन्हा बघितला. मग माझ्याकडे बघितलं आणि सुरू केलं.

दाराबाहेरून ऐकणं परवडलं, असं मला वाटलं. समोर बसल्यावर सगळं दिसतं. मानेच्या शिरा तटतटल्या, चेहरा लालबुंद झाला, भाजलेला ओठ ताणला. पाणी पायऱ्या चढत होतं. हाक सुरू झाली आणि त्याचे डोळे उघडे राहिले, अगदी त्या दिवशीसारखे. हे गाणं आहे की दुसरं काही, मला कळेना. मला काहीच कळेना. मी बटण दाबलं.

गिटार थांबली. हाक थांबली नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, माइक चालू होता, आणि माझा मुलगा विजेशिवाय, कुणाच्या साथीशिवाय ओरडत होता. ओरडत राहिला. शेवटपर्यंत गेला. मग पाणी प्यायला, घटाघटा.

“बंद केलंस?”

“हो रे. भीती वाटली.”

“मलाही,” तो म्हणाला.

मी रडायलाच लागले. गाणं बिघडवलं म्हणून, आणि नुसतंच. पुन्हा कर म्हटलं, आता नाही हात लावत बटणाला. त्यानं मला गप्प केलं आणि हेडफोन माझ्या कानांना लावला. खट्कन बटणाचा आवाज, गिटार गेलेली, एकटी हाक. मग मध्यावर, जिथं त्याचा दम नेहमी तुटायचा तिथं, कुणीतरी बाई बारीक, घाबरलेल्या आवाजात बोलत होती. “श्वास घे. बाळा, श्वास घे ना रे.” मी असं काही बोलले हे मला ठाऊकच नव्हतं. मी शरमेनं हेडफोन काढायला गेले. त्यानं माझे हात धरले आणि पुढचं ऐकवलं.

माझ्या त्या बोलण्यानंतर लगेच, स्पष्ट ऐकू येत होतं, त्यानं श्वास घेतला होता.